मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर ठरलेलं, मग वेळ दरवेळी वेगळी का?

मुलगा न्यू जर्सीत, पुतणी बोस्टनला, शेजारच्यांची सून डॅलसला. महाराष्ट्रातल्या लहान शहरांतही अशी घरं आता सहज सापडतात. त्यामुळे ‘मुंबईहून न्यूयॉर्कला किती तास लागतात?’ हा प्रश्न आता अगदी घरातला झालाय. आणि त्याचं उत्तर शोधायला गेलं की गोंधळ सुरू होतो. अंतर मोजून देणाऱ्या वेबसाइटवर १२,५४० किलोमीटर आणि साधारण चौदा-पंधरा तास दिसतात. तिकिटावर जाताना सोळा-साडेसोळा तास असतात, येताना चौदा-साडेचौदा. विमानात समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघावा, तर अमेरिका पश्चिमेला असताना विमान उत्तरेकडे तोंड करून निघालेलं असतं. त्यात एप्रिल २०२५ पासून हवाई हद्दी बंद झाल्याच्या बातम्या, आणि कुणाचं तरी विमान मधेच व्हिएन्नाला उतरल्याचं कानावर येतं.

पहिल्यांदाच एकटे निघालेले आई-वडील असतील, तर एकेका तासाची घरच्यांना काळजी असते. म्हणून हे सगळं एकदा नीट समजून घेतलेलं बरं. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचंच घेऊ. इथे कळलं की कुठल्याही दोन लांबच्या विमानतळांचा हिशोब कळतो.

अंतर म्हणजे नेमकं कुठलं अंतर?

घरात पृथ्वीगोल असेल तर तो काढा आणि एक दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप सगळ्यात जवळची वाट पकडतो. आता तो कुठून गेलाय ते बघा. मुंबईतून निघून सिंध, मग अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकिस्तानचं पश्चिम टोक, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून, हेलसिंकीच्या जवळून, स्वीडन-नॉर्वे ओलांडून आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचं लाब्राडोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. सर्वांत उत्तरेला हा दोरा जवळपास ६५ अंश अक्षांशापर्यंत चढतो. मुंबई १९ अंशांवर आहे आणि न्यूयॉर्क साधारण ४१ अंशांवर, तरीही मधली वाट ६५ला जाऊन येते.

या वाटेला बृहत्‌वृत्ताची वाट म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून कापत जाणारा एक मोठा छेद कल्पा. तो पृष्ठभागावर जी रेघ उमटवेल, ते बृहत्‌वृत्त. गोलावरच्या दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर नेहमी याच रेघेवर असतं. वेबसाइटवर दिसणारे १२,५४० किलोमीटर म्हणजे या दोऱ्याची लांबी.

मग शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर सरळ पट्टी ठेवली तर काय होईल? पट्टी अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून जाईल. दिसायला सरळ, पण प्रत्यक्षात ती वाट सुमारे १४,२०० किलोमीटरची भरते. म्हणजे दोऱ्यापेक्षा साडेसोळाशे किलोमीटर जास्त, जवळपास दोन तासांचं उड्डाण. दोष नकाशाच्या जातीचा आहे. भिंतीवर दिसणारा नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. १५६९ साली तो खलाशांसाठी तयार झाला. त्यावर होकायंत्राची दिशा सरळ रेघेने दाखवता येते, आणि त्यासाठी तो ध्रुवांकडचे प्रदेश ताणून मोठे करतो. त्यावर ग्रीनलंड भारतापेक्षा कितीतरी मोठं दिसतं, खरं तर भारत ग्रीनलंडच्या दीडपट आहे. तेव्हा पडद्यावर विमान ‘वाकडं’ जाताना दिसलं तर वाकडा नकाशा आहे, वाट नाही.

विमान खरंच या दोऱ्यावरून जातं का?

क्वचितच. दोरा हा फक्त पाया आहे. त्यावर पहिली अडचण येते ती देशांच्या सरहद्दींची.

१९४४ साली शिकागोत झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सत्ता आहे. दुसऱ्या देशाचं विमान वरून जाऊ द्यायचं की नाही, हे तो देश ठरवतो. वरून जाण्याचे पैसेही बहुतेक देश घेतात. एखादा भाग बंद केला की वैमानिकांसाठी अधिकृत सूचना निघते, तिला ‘नोटॅम’ म्हणतात. बातम्यांमध्ये ‘पाकिस्तानने नोटॅमची मुदत वाढवली’ असं वाचता, ते हेच.

पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. भारतानेही तसंच उत्तर दिलं, आणि मग दोन्हीकडून महिन्या-महिन्याने मुदत वाढत गेली. याआधी २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारी ते जुलै अशी बंदी होती. तेव्हा एकट्या एअर इंडियाला जुलैच्या सुरुवातीपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचं हवाई वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी राज्यसभेत सांगितलं होतं.

याचा मुंबईवर आणि दिल्लीवर सारखाच परिणाम होतो, असा समज आहे. तसं नाही, आणि हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. नकाशावर मोजून बघू. दोऱ्याने दिल्ली न्यूयॉर्कला मुंबईपेक्षा जवळ आहे : दिल्लीहून सुमारे ११,७५० किलोमीटर, मुंबईहून १२,५४०. पण पाकिस्तानचं आकाश बंद झालं की दिल्लीच्या विमानाला आधी राजस्थान-गुजरातकडे खाली उतरावं लागतं, अरबी समुद्र गाठावा लागतो आणि ओमानच्या बाजूने वळावं लागतं. अहमदाबाद आणि मस्कत हे टप्पे धरून दोरे जोडले, तर दिल्लीची वाट साडेतेरा हजारांवर जाते. म्हणजे सुमारे अठराशे किलोमीटर जादा. मुंबईच्या दारातच समुद्र आहे. मुंबई–मस्कत–न्यूयॉर्क असा दोरा जोडला तर तो १२,९०० किलोमीटरच्या आसपास येतो, जेमतेम पावणेचारशे जादा. जवळची दिल्ली लांब झाली आणि लांबची मुंबई जवळ आली! विमानं अगदी याच टप्प्यांवरून जातात असं नाही, पण फरक कुठून येतो ते यात स्पष्ट दिसतं.

म्हणूनच दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं २०२५ मध्ये वाटेत व्हिएन्नाला उतरून इंधन भरू लागली. एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन ही सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली. विमानं नूतनीकरणासाठी बाहेर जाणं आणि पाकिस्तानची बंद हद्द, अशी दोन्ही कारणं कंपनीने दिली होती.

रशियाचंही असंच. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं, भारतीय कंपन्यांना मात्र ते खुलं राहिलं. याचा अर्थ एकाच दोन शहरांमध्ये, एकाच दिवशी, दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या वाटांनी आणि वेगवेगळ्या वेळात जाऊ शकतात. सगळ्यात मोठा फटका फिनलंडच्या फिनएअरला बसला. हेलसिंकी–टोकियो हे त्यांचं साधारण नऊ तासांचं उड्डाण सुमारे तेरा तासांचं झालं, कारण विमान उत्तर ध्रुवाकडून वळसा घालून न्यावं लागलं. हेलसिंकी आणि टोकियो होते तिथेच आहेत, दोऱ्याची लांबीही तीच.

वारा : वेळ खरी ठरते ती इथे

आता जाता-येताना दीड-दोन तासांचा फरक का पडतो, त्याकडे येऊ. सरहद्दी तर दोन्ही वेळा त्याच असतात.

जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. स्पर्धा परीक्षांचा भूगोल केलेल्यांना हे नाव पाठ असतं. विषुववृत्ताकडची हवा गरम आणि ध्रुवाकडची थंड, या तापमानाच्या फरकातून आणि पृथ्वीच्या फिरण्यातून हे वारे तयार होतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून हिवाळ्यात ते जास्त जोर धरतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग सहज असतो, कधी तीनशेच्याही वर. आणि प्रवासी विमानं नेमकी याच उंचीवर उडतात.

जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात त्सुकुबाजवळच्या तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, जगभर वाचला जावा म्हणून. बाहेर तो फारसा कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणारी अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जेव्हा या वाऱ्यात सापडली, तेव्हा इतरांना त्याचा जोर कळला. इतकं बारीक काम करणाऱ्या माणसाचं नाव आपल्याकडे अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे.

विमानाचा वेग म्हणून दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. एक, भोवतालच्या हवेच्या तुलनेत विमान किती वेगाने जातंय, तो हवेतला वेग. लांबच्या विमानांचा तो ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो आणि फारसा बदलत नाही. दुसरा, खालच्या जमिनीच्या तुलनेत किती अंतर कापलं जातंय, तो जमिनीवरचा वेग. आपल्याला पोचवतो तो दुसरा. खाडीत भरती-ओहोटीच्या ओढीत वल्हवणारा होडीवाला दोन्ही वेळा तितकाच जोर लावतो, पण ओढ पाठीशी असली की लवकर काठाला लागतो, समोरून असली की तेवढ्याच पाण्याला घाम निघतो. विमानाचंही तसंच : ज्या हवेतून ते उडतं, ती हवाच वाहत असते.

गोल आकड्यांत बघा. वाट १२,००० किलोमीटर, हवेतला वेग ९००, वारा १००. समोरून वारा असेल तर जमिनीवरचा वेग ८००, म्हणजे पंधरा तास. पाठीमागून असेल तर वेग १,०००, म्हणजे बारा तास. तीन तासांचा फरक! इथे कुणाच्याही मनात येईल की जाताना जेवढं गेलं तेवढं येताना मिळालं, हिशोब फिटला. नाही फिटत. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून २६ तास ४० मिनिटं लागली असती, वाऱ्यामुळे २७ तास लागले. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. वाऱ्याने येणं-जाणं मिळून नेहमी तोटाच होतो.

मुंबई–न्यूयॉर्कच्या वाटेवर वारा सगळीकडे सारखा नसतो. काही टप्प्यांत तो आडवा असतो, काही ठिकाणी जवळपास नसतोच. म्हणून प्रत्यक्षात फरक तीन तासांऐवजी साधारण दीड ते दोन तासांवर येतो.

हा वारा किती जोर करू शकतो त्याचं एक गाजलेलं उदाहरण. फेब्रुवारी २०२०मध्ये ‘कियारा’ वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या उड्डाणाला सहा तासांहून जास्त लागतात. वाटेत त्याचा जमिनीवरचा वेग ताशी १,३२७ किलोमीटरपर्यंत गेला होता. आवाजाचा वेग त्या उंचीवर ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे ‘विमानाने आवाजाचा वेग ओलांडला’ अशी चर्चा झाली. ती चुकीची होती. हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच वेगाने उडत होतं, हवाच त्याला घेऊन धावत होती.

जवळची वाट सोडून लांबून जाणं

वारा इतका महत्त्वाचा असेल, तर मुद्दाम लांबच्या वाटेने जाऊन लवकर पोचता येईल का? येतं. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे चौदाशे किलोमीटर जादा. तरी वेळ साडेचौदा तासांवर आला, आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी. पूर्वेकडे जाताना वारा सगळा पाठीशी, इतकंच कारण. ‘जवळचं’ आणि ‘लवकरचं’ या दोन गोष्टी आकाशात वेगळ्या आहेत, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसत नाही.

अशा वाटा रोज नव्याने निवडल्या जातात. विमान सुटण्याच्या काही तास आधी कंपनीचा डिस्पॅचर, म्हणजे उड्डाणाची आखणी करणारा परवानाधारक माणूस, त्या दिवसाच्या वाऱ्याचे अंदाज, बंद हद्दी, वादळं आणि विमानाचं वजन मांडून वाट ठरवतो. त्याच्या कागदावर वाटेतल्या बिंदूंची यादी असते. बिंदूंना बहुधा पाच अक्षरी, जिभेवर चढणारी नावं दिलेली असतात. प्रत्येक बिंदूसमोर उंची, त्या उंचीवरचा वारा, पोचायची वेळ आणि तिथे टाकीत किती इंधन उरायला हवं, हे लिहिलेलं असतं. वैमानिक रात्रभर त्या आकड्यांशी प्रत्यक्ष आकडे ताडून पाहत राहतात. कालची वाट आज तशीच असेल असं नाही, म्हणून कालची वेळही आज तशीच नसते.

मधे काही झालं तर?

दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक नियम लागतो. एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेवर कायम हवा. ही मर्यादा विमानागणिक आणि कंपनीगणिक वेगळी असते. बर्फाळ किंवा निर्जन प्रदेशावरून जाताना वाट थोडी वाकवावी लागते ती यामुळे.

६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनात बिघाड दिसल्यावर रशियाच्या अतिपूर्वेला मगादान इथे उतरवलं गेलं. आत २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. सगळे सुखरूप उतरले, पण मगादान लहान शहर. इतक्या लोकांना पुरतील अशी हॉटेलं नाहीत, त्यामुळे अनेकांना तात्पुरत्या सोयीत, जमिनीवर गाद्या टाकून राहावं लागलं. दुसरं विमान मुंबईहून पाठवलं आणि ८ जूनला ते सगळे पुढे गेले. वाट निवडताना ‘इथे उतरावं लागलं तर माणसांचं काय?’ हा प्रश्न किती खरा असतो, ते यातून कळतं.

तिबेटच्या पठारावरून विमानं शक्यतो का जात नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लगेच तीन हजार मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला ऑक्सिजन थोडीच मिनिटं पुरतो. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर आहे. खाली यायला जागाच नाही.

पृथ्वी फिरतेच आहे, मग विमान नुसतं वर थांबलं तर?

हा प्रश्न लहान मुलं विचारतात आणि मोठी माणसं मनात ठेवतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मुंबईच्या अक्षांशावर जमिनीचा वेग ताशी सुमारे १,५८० किलोमीटर आहे. मग हेलिकॉप्टर घेऊन वर थांबावं, दहाएक तासांत न्यूयॉर्क खाली येईल, असं वाटू शकतं.

पण जमिनीबरोबर हवाही फिरते. ती फिरत नसती तर आत्ता दादरच्या चौपाटीवर ताशी १,५८० किलोमीटरचा वारा सुटला असता आणि एकही इमारत उभी राहिली नसती. झाडाचं पान हललं नाही तरी तुम्ही, पान, हवा आणि वर उडणारं विमान सगळे त्याच वेगाने पूर्वेकडे चाललेले असतात. त्यामुळे पूर्वेकडे जाताना वेळ कमी लागतो त्याचं श्रेय पृथ्वीच्या फिरण्याला थेट देता येत नाही. ते जातं जेट स्ट्रीमला. त्या वाऱ्याला दिशा देण्यात मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा हात असतो.

मग जोरात का उडवत नाहीत?

एवढी प्रगती झाली, पण तास कमी का होत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. कॉन्कॉर्ड नावाचं आवाजापेक्षा दुप्पट वेगाने उडणारं विमान १९७६ ते २००३ या काळात प्रवासी नेत होतं. लंडन–न्यूयॉर्क साधारण साडेतीन तासांत. पण त्याचा पल्ला सात हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबई–न्यूयॉर्क त्याला एका दमात जमलंच नसतं. इंधन प्रचंड लागायचं. आवाजाचा वेग ओलांडताना होणारा स्फोटासारखा आवाज खाली लोकांना नको होता, म्हणून वस्तीवरून त्या वेगाने उडायला बहुतेक ठिकाणी बंदी होती.

नेहमीची विमानं आवाजाच्या वेगाच्या ८४-८५ टक्क्यांवर उडतात. त्याच्या वर गेलं की पंखांवरून वाहणारी हवा जागोजागी आवाजाचा वेग गाठते, अडथळा झपाट्याने वाढतो आणि थोड्या मिनिटांसाठी खूप इंधन जळतं.

इंधनाचं वजन लक्षात घ्या. बोइंग ७७७-३००ईआर हे विमान जास्तीत जास्त सुमारे ३५० टन वजन घेऊन उडू शकतं आणि त्याच्या टाक्यांत सुमारे १४५ टन इंधन मावतं. म्हणजे लांबच्या प्रवासाला निघताना वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग नुसतं इंधन असू शकतो. वळसा वाढला की इंधन जास्त न्यावं लागतं, त्या इंधनाचं वजन उचलायला आणखी इंधन लागतं, आणि शेवटी माल किंवा प्रवासी कमी घ्यावे लागतात. याशिवाय ठरलेल्या विमानतळावर उतरता आलं नाही तर दुसरीकडे जाण्यापुरतं आणि वर आणखी अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं इंधन राखीव ठेवावंच लागतं. भाडं वाढतं ते असं. लोक म्हणतात कंपन्या हद्दबंदीचं निमित्त करून पैसे काढतात. भाडं ठरवताना मागणी, सुट्ट्या, स्पर्धा हे सगळं असतंच, पण वळशाचा खर्च खोटा नाही.

तिकिटावरचे तास कशाचे?

तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नाही. विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटला लागलं तिथपर्यंतचा तो काळ आहे. त्यात धावपट्टीपर्यंत सरकणं, रांगेत थांबणं आणि उतरल्यावर गेट मिळेपर्यंतचा वेळ धरलेला असतो. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तिच्यावर दिवसाला नऊशेहून जास्त विमानं चढतात-उतरतात. जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या धावपट्ट्यांपैकी ती एक आहे. रांगेतली वीस-पंचवीस मिनिटं तिथे नवी नाहीत.

कंपन्या वेळ थोडी सैल धरतात का? हो. ऋतूप्रमाणे वाऱ्याचा अंदाज आणि थोडी उसंत धरून वेळापत्रक बनतं. म्हणून कधी विमान चाळीस मिनिटं आधी पोचतं. अंतर मोजणाऱ्या वेबसाइट मात्र अंतराला एका ठरावीक वेगाने भागतात आणि थोडी मिनिटं मिळवतात. त्यांना ना वारा माहीत, ना बंद हद्द. तो आकडा अंदाजापुरता ठीक आहे, त्यावर टॅक्सी ठरवू नये.

घड्याळाचा घोळ वेगळाच. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून रात्री २ वाजता सुटलं आणि न्यूयॉर्कला सकाळी ८ वाजता पोचलं. तिकिटावर तारीख एकच, दिसतात सहा तास. पण न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. सहा आणि साडेदहा, म्हणजे प्रवास साडेसोळा तासांचा. येताना तिथून सकाळी साडेअकराला निघालेलं विमान इथे दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला पोचेल. दिसतात पंचवीस तास, खरा प्रवास साडेचौदा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. मधल्या काळात फरक साडेनऊ तासांचा धरा. आजीला औषधं वेळेवर घ्यायची असतील तर ‘तिथल्या आठला’ असं न सांगता ‘मुंबई सोडल्यावर इतक्या तासांनी’ असं लिहून द्यावं.

थेट जावं की मधे थांबून?

मधे थांबलं की खूप लांबून जावं लागतं, असं आपण धरून चालतो. दोऱ्याने मोजू. मुंबई–लंडन सुमारे ७,२१० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४० : मिळून १२,७५०. थेट वाटेपेक्षा फक्त दोनशे किलोमीटर जादा. दुबईमार्गे मिळून सुमारे १२,९५०, म्हणजे चारशे जादा. कारण लंडन आणि दुबई दोन्ही दोऱ्यापासून फार लांब नाहीत. याउलट सिंगापूरमार्गे गेलात तर एकूण अंतर एकोणीस हजारांच्या पुढे जातं. स्वस्त तिकीट दिसलं की मधला विमानतळ दोऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे, ते आधी बघा.

म्हणजे लंडन किंवा दुबईमार्गे खर्च होतात ते किलोमीटर नव्हेत, तास. तेही हवेतले नव्हेत, जमिनीवरचे : उतरणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, दुसरं टर्मिनल, दुसरं विमान. ज्यांना सोळा तास एका खुर्चीत झेपत नाहीत त्यांच्यासाठी हा थांबा चांगलाच. गुडघे दुखणाऱ्या, पायांना सूज येणाऱ्या माणसाला दोन तास मोकळं चालायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, डॉक्टरांनाही एकदा विचारून घ्यावं. ज्यांना इंग्रजीची सवय नाही, अनोळखी विमानतळावर गेट शोधायची धास्ती वाटते, त्यांना थेट विमान बरं, किंवा तिकीट काढतानाच व्हीलचेअरची सोय मागून घ्यावी. ती मागायला लाजू नये. चालता येत असलं तरी लांबच्या विमानतळावर सोबतीचा माणूस मिळतो, तो याच सोयीतून.

मधे थांबायचं असेल तर दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घ्या. पहिल्या विमानाला समोरचा वारा लागून उशीर झाला आणि दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते. दोन वेगळी स्वस्त तिकिटं घेतली असतील तर ती जबाबदारी तुमची. दोन विमानांमध्ये तास-दीड तासाचा थांबा कागदावर पुरेसा वाटतो. वयस्कर माणसं असतील तर तीन तास ठेवा.

आणि न्यायला जाणाऱ्यांनी तिकिटावरची वेळ धरून निघू नये. विमान सुटल्यावर तास-दोन तासांनी फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर पोचण्याची अंदाजे वेळ बघावी, उतरायच्या तीन तास आधी पुन्हा बघावी. तोवर बरीचशी वाट मागे पडलेली असते आणि उरलेला वारा बराचसा कळलेला असतो. त्या वेळेत इमिग्रेशन आणि सामानासाठी तासभर तरी मिळवावा, गर्दीच्या सकाळी दीड तास.